शेंदराखालचं मशीन

यंदा पुन्हा टँकर आले. टँकर गल्लीत वळतो तेव्हा मागच्या नळातून गळणाऱ्या पाण्याची एक ओली रेघ रस्त्यावर उमटत जाते आणि बाया घागरी घेऊन त्या रेघेच्या मागं धावतात. टँकर थांबायच्या आधीच रेघ वाळलेली असते. मी शेडच्या दारात उभा राहून बघतो. लातुरात असं बघत उभं राहायची माझी ही पहिली खेप नाही. पेपरात नव्या जिल्ह्याची बोलणीही पुन्हा निघालीत, उदगीर होणार, किनवट होणार. आमच्याकडं दुष्काळ आणि नवा जिल्हा ही बोलणी जोडीनं का येतात, मला ठाऊक नाही. विहिरीत पाणी नसलं की माणसं कचेरी मागतात, एवढं मात्र मी पाहिलंय.

लोकांना दुष्काळ म्हटलं की भेगाळलेली जमीन आठवते. मला वास आठवतो. तापलेल्या बिडाच्या ओतीव लोखंडाचा, रॉकेलचा आणि त्यात मिसळलेला मिरचीचा. त्या वासानं आजही माझा हात आपोआप पुढं होतो, काहीतरी थांबवायला निघाल्यासारखा.

तेव्हा लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. सरकारी पाट्यांचा रंग ओला वाटावा इतका नवा होता. कचेऱ्या उभ्या राहत होत्या, टायपिंगची दुकानं निघत होती आणि पाऊस मात्र जिल्ह्याला ओळख देत नव्हता. बोअर पाडणाऱ्या गाड्यांची धडधड दिवसभर ऐकू यायची. हातपंपाला इतके हात लागायचे की त्याचे सुटे भाग महिन्याभरात झिजायचे. भाग यायचे सोलापूरहून, नाहीतर हैदराबादेहून. तोवर पंप मुका. बाया मुक्या पंपाचा दांडा हलवून बघायच्या, आणि मग घागर उचलून पुढच्या वस्तीकडं चालू लागायच्या.

विष्णुपुरीच्या कॉलेजातून मी तेव्हा नुकताच मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडलो होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. घरातला कसला, अख्ख्या गल्लीतला. हे मी तेव्हाही सांगायचो, आजही सांगतो. लाजायचं कारण नाही. बाबा रस्त्याच्या गँगवर डांबर ओतायचे. त्यांच्या पायाच्या नखांत शेवटपर्यंत डांबर होतं. सरकारी खात्यात मला नोकरी लागली होती आणि हो-नाही कळवायला आठवडा उरला होता. माझ्या मनात दुसरंच होतं. घरामागं शेड घालायचं आणि हे झिजणारे भाग इथंच करायचे. बाबांनी त्यावर फार प्रश्न विचारले नाहीत. गँगवरनं येताना जुने पत्रे आणले आणि म्हणाले, "गोठा घालून ठेवू. जनावर बघ तू."

जनावर म्हणजे मिलिंग मशीन. लेथ तर भाड्यानंही मिळत होता. पण लेथवर काम, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतं आणि हत्यार जागेवर राहतं. मिलिंगवर उलटं. हत्यार फिरतं आणि काम टेबलावर बसून त्याच्यासमोरून सरकतं. गिअरचे दाते, चावीच्या खाचा, हे सगळं मिलिंगवरच. नवं मशीन आमच्या स्वप्नातही बसत नव्हतं. जुनं मिळालं आणि ते धड निघालं, तर शेड. नाहीतर नोकरी, बदल्या, आणि पत्र्याखाली खरोखरची शेळी.

धर्माबादला एक मशीन पडून आहे, असं कॉलेजातल्या मित्रानं कळवलं. भावाची बोलीही त्यानंच करून ठेवली होती. बाबा आणि मी निघालो. नांदेडपर्यंत एसटी, पुढं मीटरगेजची गाडी. प्रयोगशाळेतल्या सरांकडून मी डायल गेज मागून आणलं होतं, केसाएवढा फरक दाखवणारं. बाबांनी ते भाकरीच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरलं होतं. खिडकीबाहेर गोदावरी दिसली तेव्हा तिच्यात नदीपेक्षा वाळूच जास्त होती. बाबा बराच वेळ त्या वाळूकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आज्यानं देव हितंच कुठंतरी सोडले. मी लहान होतो. टोपलीत बसवून आणले होते. आता पाणी न्हाई तर वर आले आसतील." आणि हसले. आमच्या घरात तेव्हापासून देव नाहीत. देवाच्या जागी एक फोटो, आणि माझी पुस्तकं.

धर्माबादला उतरलो तसं शिंका सुरू झाल्या. मिरचीचा बाजार. त्या वर्षी आवक कमी होती म्हणे, पण हवेतली धूळच तिखट. ज्या जिनिंगमध्ये ते मशीन एकेकाळी चालायचं, ती बंद पडली होती. कापूसच नव्हता. मशीन जिनिंगच्या मिस्त्रीनं घरी आणून ठेवलं होतं आणि मिस्त्री वारला होता. घरात त्याची बायको. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. विक्रीचं तिचा धाकटा भाऊ बघत होता, व्यंकटराव. आणि दारात एक टेम्पो उभा होता. टेम्पोच्या सावलीत इस्माईलभाई, नांदेडचे भंगारवाले, बिडी ओढत बसले होते.

"देखो आरामसे," ते मला म्हणाले. "तुम नक्को बोले तो मैं हौ बोलता. लोहा तो लोहाच है."

म्हणजे संध्याकाळपर्यंत मी नाही म्हटलं, की मशीन तुकड्यांनी भट्टीत जाणार. वजनावर.

व्यंकटरावांनी नाव विचारलं. मी सांगितलं. आडनाव विचारलं. तेही सांगितलं. गाव, मग गावात कुठल्या अंगाला घर, तेही त्यांनी विचारलं आणि मी आवाज खाली न आणता सांगितलं. ओसरीवर जरा शांतता झाली. आक्का उठून आत गेली. बाबांनी माझ्याकडं बघितलं, मी बाबांकडं. ही शांतता आम्हा दोघांनाही तोंडपाठ होती. तेवढ्यात आक्का बाहेर आली, हातात पितळी तांब्या. "पाणी अर्धाच तांब्या हाय बगा," ती म्हणाली, "टँकर काल आलाच न्हाई." त्या वर्षी अर्धा तांब्या म्हणजे पाहुणचार होता. बाबा प्यायले आणि मग मी.

मशीन मागच्या पडवीत होतं. मला ते आधी ओळखूच येईना. बिडाचा उभा खांब, त्याच्या माथ्यावर हत्यार धरून फिरणारं स्पिंडल, पुढं टेबल, हे सगळं ठीक. पण कारखान्याच्या नावाची पट्टी कुठंच नाही, तिच्या जागी चार रिकामी भोकं. आणि अंगावर दोन ठिकाणी शेंदूर. वर, स्पिंडलच्या पुढच्या बेअरिंगवर एक गोळा. खाली, टेबलाच्या समोरच्या अंगाला तर बोटभर जाडीचा थर, त्यावर चांदीचे दोन डोळे बसवलेले. दरवर्षी खंडेनवमीला तेल-शेंदूर, तेल-शेंदूर. मशीन आमच्याकडं टक लावून बघत होतं.

"काय बघायलास?" बाबा म्हणाले. "दात बघ आधी."

मी कामाला लागलो. झाकण काढून गिअर पाहिले. दाते शाबूत होते. टेबलाचं चाक उलट दिशेला फिरवलं आणि टेबल हलायच्या आधी चाक किती मोकळं फिरतं ते बघितलं. पाव फेरा. म्हातारपण, पण लकवा नाही. मग टेबल पार कडेला सरकवून त्याखालच्या सरकपट्ट्या पुसल्या. चांगल्या मशीनच्या पट्ट्या हातानं खरवडून सपाट केलेल्या असतात, आणि त्या खरवडण्याच्या बारीक चंद्रकोरी मागं राहतात. त्यांत तेल थांबतं. दोन्ही टोकांना चंद्रकोरी लख्ख होत्या. मधोमध पुसलेल्या. डायल गेज लावलं. बाबा काट्याकडं असे बघत होते जणू काटा त्यांच्याच नाडीचा होता. मध्ये झिजलंय, पण हिशेबात धरता येईल इतकंच.

कोपऱ्यात गोणपाटात काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. उघडलं. दाते मोजून कापण्यासाठी लागणारं डिव्हायडिंग हेड, आणि त्याच्यासोबत जादा गिअरांचा संच. असा संच साध्या मिलिंगला कुणी घेत नाही. तो लागतो युनिव्हर्सलला, ज्याचं टेबल कोनात वळतं आणि तिरपे, पिळाचे दाते कापता येतात. तसले दाते तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात कुणी कापत नव्हतं. पण टेबल खरंच वळतं का? वळत असेल तर टेबलाच्या पुढं, खाली, अंशांच्या रेघा कोरलेल्या असणार. म्हणजे बरोबर तिथं, जिथून ते चांदीचे डोळे माझ्याकडं बघत होते.

शेंदूर खरवडायला मी खिशातून पत्र्याचा तुकडा काढला. खरं सांगतो, मला शेंदराची भीती वाटत नव्हती. आमच्या आज्यानं टोपलीभर देव नदीत सोडले, मी बिडावरचा एक थर काढायला कचरणार? बाबांनी माझं मनगट धरलं.

"इचार."

"बाबा, हे मशीन आहे."

"तुला मशीन हाय. तिला काय हाय, ते इचार."

आणि नेमकी तेव्हा वीज आली. त्या दिवसांत वीज पाहुणी असायची, कधी येईल आणि चहाही न घेता कधी जाईल याचा नेम नव्हता. पडवीतला दिवा लागला तसे व्यंकटराव लगबगीनं स्टार्टरकडं गेले. "चला, चला! इंजिनिअरसाहेब, आता कानानं ऐका. कसं गाणं म्हणतंय बगा."

मी वर बघितलं. स्पिंडलच्या बेअरिंगवर तेलाचा कप असतो. त्यात दिव्यासारखी वात असते आणि त्या वातीतून थेंब थेंब तेल आत झिरपतं. मशीनवर कप दिसत नव्हता. होता तो शेंदराचा गोळा. म्हणजे कप त्याच्या पोटात. म्हणजे आत किती वर्षं थेंब गेला नव्हता, कोण जाणे.

मी व्यंकटरावांचा हात धरला. "चालू करू नका."

"आं?"

"चालू करू नका म्हणतोय. तेलाचं तोंड बुजलंय. कोरडं फिरलं तर बेअरिंग धरेल, आणि मग हे खरंच भंगार."

"मागच्याच दसऱ्याला चालवलं की मी!"

"किती वेळ?"

"प्रसाद वाटेस्तोवर."

इस्माईलभाई दारात येऊन उभे राहिले होते. ते फुस्सकन हसले. व्यंकटरावांचा चेहरा लाल झाला. "मशीन घ्यायला आला का शेंदूर काढायला आला तू? पाडायची न्हवं किंमत, म्हणून हे नाटक. आमच्या दाजीचं दैवत हाय ते. तुमच्यात नसतील देव, आमच्यात हायेत!"

जे बोलायचं होतं ते एकदाचं बोलून झालं. पडवीत दिव्याची गूंगूं ऐकू येत होती. वीज कुठल्याही क्षणी जाणार होती, आणि तिच्यासोबत माझी परीक्षाही. न ऐकता मी मशीन घेऊ शकत नव्हतो, आणि ऐकायचं तर ते गोळ्याखालचं तोंड उघडायला हवं होतं. मी आक्काकडं वळलो. पत्रा खिशात ठेवला आणि म्हणालो, "आक्का, ह्या वरच्या शेंदराखाली तेलाची वाटी आहे. ती उघडल्याशिवाय मी हे चालू होऊ देणार नाही. आणि खालच्या शेंदराखाली ह्या मशीनची ओळख आहे. ती मला बघायची आहे. तुम्ही नको म्हणालात तर आम्ही जातो."

आक्का मशीनपाशी आली. तिनं त्या गोळ्याला हात लावला. "ते असताना शेंदूर पायथ्याला लावायचे," ती म्हणाली. "वर लावू देत नव्हते. रागवायचे. मी म्हणायची, पायाला काय लावता, तोंडाला लावा की. ते गेल्यावर मी तोंडाला लावायला लागले, पुढं डोळे बसवून पोटालाही." बोटाला लागलेला शेंदूर तिनं चोळला. "हळदीकुंकवाला मला कोण बलवतंय? वर्षातनं एकदा ह्याला लावायचं. हे न्हाई म्हणत नव्हतं."

मग तिनं माझ्याकडं बघून सरळ विचारलं, "मीच बुजवलं व्हय रे त्याचं तोंड?"

बाबा माझ्याकडं बघत होते. खोटं बोलणं सोपं होतं, आणि कदाचित शहाणपणाचंही. मी म्हणालो, "हो आक्का. तेल आत गेलं नाही. पण धूळही गेली नाही. वाटी उघडी राहिली असती तर ह्या धुळीनं बेअरिंग आतून कधीच खाल्लं असतं."

ती दोन्ही वाक्यं खरी होती. मी बाहेर बघितलं. अंगणात मिरचीच्या रंगाची धूळ उडत होती.

आक्का पदर खोचत व्यंकटरावांना म्हणाली, "देव शेंदराचं कवच टाकतो का न्हाई, आं? आपल्या गावातल्या मारुतीनं टाकलं नव्हतं? तेव्हा तूच तर वाजतगाजत गेला होता. मग ह्यानं टाकलं तर काय बिगडलं? आंघोळीचं पाणी आण."

"पाणी?" व्यंकटराव म्हणाले. "अय्यो आक्का, प्यायला न्हाई पाणी!"

"मग रॉकेल आण."

रॉकेलची आंघोळ घडलेला देव मी दुसरा पाहिलेला नाही. आक्का हातानं रॉकेल चोळत होती, मी बोटांनी कडा सैल करत होतो. वरचा गोळा चुरा होऊन सुटला. आत वाटी, वाटीत दगड झालेली वात. तारेनं ती कोरून काढली, भोक मोकळं केलं, तेल ओतलं. स्पिंडल हातानं फिरवायला घेतलं. जड. कोरडं, करकरणारं जड. बाबा पुढं आले आणि आम्ही दोघांनी मिळून फिरवलं. इस्माईलभाई बिडी विझवून जवळ येऊन उभे होते. "तेल पीता के नई?" ते हळूच म्हणाले. तेल पीत होतं. वाटी रिकामी झाली, पुन्हा भरली, पुन्हा रिकामी झाली. दिवा एकदा मिणमिणला तसं सगळ्यांनी वर बघितलं. मग बेअरिंगच्या पलीकडच्या कडेला एक काळा थेंब आला. घाण, जुना, शेंदराच्या रंगाचा. त्याच्यामागून स्वच्छ थेंब.

"आता लावा," मी म्हणालो.

स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक बेअरिंगला लावून मी ऐकत होतो. आधी खरखर. मग एक ठोका, एक ठोका, एक ठोका. ठोका सौम्य होत गेला आणि एका जागी, कुणीतरी दार लावून घ्यावं तसा, थांबला. उरला तो सलग, भरलेला आवाज. त्या आवाजात वीज गेली. स्पिंडल आपल्या जोरावर कितीतरी वेळ फिरत राहिलं. चांगली बेअरिंग अशीच थांबतात, घाई न करता.

खालचा थर मात्र अख्खा सुटला. आक्कानं दोन्ही हातांत झेलला. बाहेरून शेंदूर आणि दोन डोळे. तिनं तो उलटा केला तर आतल्या बाजूला बारीक रेघा उमटलेल्या, एका ओळीत, समान अंतरावर. आणि मशीनवर त्याच रेघा, मधोमध शून्य. दोन बोल्ट ढिले करून मी टेबलाला खांदा लावला. ते वळलं.

"हे युनिव्हर्सल आहे," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "साध्यापेक्षा पुष्कळ वरचं. व्यंकटराव, वजनावर घालू नका, मला नाही दिलंत तरी."

व्यंकटरावांनी मशीनकडं असं बघितलं जणू त्यानं त्यांच्यापासून काही लपवलं होतं. "मग आता भाव..." त्यांनी सुरुवात केली.

"गप," आक्का म्हणाली. "ठरल्या बोलीत ह्याला द्यायचं. ह्यानं हात धरला म्हणून वाचलं." मग माझ्याकडं वळून, "एकच हाय. दसऱ्याला शेंदूर लावशील न्हवं? पायथ्याला का हुईना."

एवढं सगळं होऊन प्रश्न हा आला. मशीन माझ्या खांद्याला टेकलेलं होतं, तापलेलं. हो म्हणायला एक अक्षर लागत होतं. आक्का काही लातूरला बघायला येणार नव्हती. मी बाबांकडं बघितलं. त्यांनी नजर जमिनीवर ठेवली. हे माझं मला बोलायचं होतं.

"आक्का, आमच्या घरात देव नाहीत," मी म्हणालो. "शेंदूर नाही लावणार. तेल रोज घालीन."

आक्कानं हातातल्या त्या कवचाकडं बघितलं. डोळ्यांकडं, मग उलटं करून रेघांकडं. मग पदराच्या टोकानं त्यावरचं रॉकेल पुसलं, अगदी लहान मुलाचं तोंड पुसावं तसं, आणि ते पदरात बांधून घेतलं.

"देव मी ठेवते," ती म्हणाली. "मशीन तू ने."

इस्माईलभाईंच्याच टेम्पोतून ते लातूरला आलं. "रिकामा जाने से अच्छा," ते म्हणाले आणि वाटेत दोनदा दोर तपासायला उतरले. नोकरीला मी 'नाही' असं कळवलं. त्या मशीनवर मी पहिलं काम केलं ते हातपंपाचं नाही, टँकरच्या पंपाचं, तिरप्या दात्यांचं गिअर. तो टँकर वळून गेला तेव्हा बाबा दारात उभे होते. त्यांनी रस्त्यावरची ओली रेघ पाहिली. त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले.

मध्ये एकदा धर्माबादला गेलो होतो. आक्का थकली होती. देवघरात ते कवच होतं, ताज्या शेंदराचं. नवा थर बाहेरून. आतली बाजू तिनं तशीच ठेवली होती, रेघा मोजता येतील अशी. "तेल घालतो का?" एवढंच तिनं विचारलं. आता ती नाही, बाबाही नाहीत.

आज शेडमध्ये तीन पोरं कामाला आहेत. दसऱ्याला ती मशीनला झेंडूच्या माळा घालतात. मी अडवत नाही. ज्याचा त्याचा दसरा. तेलाच्या वाटीपासून वीतभर लांब, एवढाच माझा नियम. आणि सकाळी सगळ्यांच्या आधी मी येतो. वाटीवरची धूळ फडक्यानं पुसतो. बाहेर टँकरची वाट बघणाऱ्या घागरींचा आवाज येत असतो. मी तेल ओततो, आणि पलीकडच्या कडेला थेंब दिसेपर्यंत बटणाला हात लावत नाही.